केनियात निवडणूक जवळ आली की घर कसं सांभाळायचं

१० ऑगस्ट २०२७ ला मंगळवार आहे. केनियाच्या घटनेप्रमाणे दर पाचव्या वर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या मंगळवारी मतदान होतं, म्हणून ही तारीख आत्ताच भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवता येते. नैरोबीत नवी आलेली मराठी मंडळी दर खेपेला मला एकच विचारतात, "काकू, त्या दिवसांत भारतात जाऊन येऊ का?" ज्यांना जमतं त्यांनी जरूर जावं. पण बहुतेकांच्या नोकऱ्यांना तेव्हाच सुट्टी मिळत नाही, आणि चार जणांची तिकिटं परवडतही नाहीत. जे राहणार आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

मी सांगली जिल्ह्यातली. यजमान साखर कारखान्यात केमिस्ट. २००५ साली आम्ही किसुमूला आलो. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं हे गाव, आणि पूर्वेला मुहोरोनीपर्यंत उसाचा पट्टा. आमच्या भागातले साखर धंद्यातले बरेच जण या पट्ट्यात येऊन गेलेत. २००७ च्या डिसेंबरात मी ३४ वर्षांची होते, मुलगी दुसरीत होती, आणि निवडणूक म्हणजे एक दिवस दुकानं बंद, एवढंच मला ठाऊक होतं. तेव्हा कुणी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर मी दोन चुका केल्या नसत्या. त्या चुका पुढे येतीलच.

आधी तारखांचं गणित समजून घ्या, कारण सगळी तयारी त्यावर बेतायची आहे. मतदानाच्या दिवशी सहसा शांतता असते. लोक पहाटे ४ पासून रांगा लावतात, हसतखेळत असतात, बोटाला शाई लावून घेतात. धोका असतो तो मतमोजणी लांबली की. २००७ साली २७ डिसेंबरला, गुरुवारी मतदान झालं. म्वाई किबाकी अध्यक्ष होते, समोर राइला ओडिंगा. सुरुवातीला ओडिंगा पुढे होते. शनिवारी आकडे यायचे थांबले आणि किसुमूत टायर जळायला लागले. रविवारी, ३० तारखेला संध्याकाळी, निवडणूक आयोगाचे अध्यक्ष सॅम्युएल किवुइटू यांनी किबाकी जिंकल्याचं जाहीर केलं, सुमारे २ लाख ३२ हजार मतांनी. लगेच अंधार पडता पडता शपथविधीही उरकला. त्याच संध्याकाळी सरकारनं वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घातली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावाच्या दिशेला लाल आकाश दिसत होतं आणि टीव्हीवर त्याचा मागमूस नव्हता.

आता २०१० च्या घटनेनं पायऱ्या नेमून दिल्या आहेत. आयोगानं ७ दिवसांत निकाल द्यायचा. त्यानंतर ७ दिवसांत सर्वोच्च न्यायालयात जाता येतं, आणि न्यायालयानं १४ दिवसांत निर्णय द्यायचा. निवडणूक रद्द झाली तर ६० दिवसांत पुन्हा मतदान. हे नुसतं कागदावर नाही. १ सप्टेंबर २०१७ ला सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांच्या न्यायालयानं खरोखरच अध्यक्षाची निवडणूक रद्द केली आणि २६ ऑक्टोबरला पुन्हा मतदान झालं. २०२२ ला ९ ऑगस्टला मतदान, १५ ला निकाल, ५ सप्टेंबरला न्यायालयाचा निर्णय. म्हणजे तयारी एका दिवसाची नको, किमान चार आठवड्यांची हवी. मी सहा आठवड्यांची करते. त्याचं कारण नैवाशा हे गाव. तेही पुढे सांगते.

किराण्याचं फार सांगत नाही, ते प्रत्येक घराला कळतं. तांदूळ, डाळ, कणीक, तेल, दुधाची पावडर, रोजची औषधं, बाळ असेल तर त्याचं दूध. १३ किलोचा एक भरलेला सिलिंडर जास्तीचा. लोणारी कोळसा आणि एक जिको, म्हणजे इथली शेगडी, घरात असू द्या. वीज गेली की पंप बंद पडतो, म्हणून पिंप भरून ठेवा. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. २००८ च्या जानेवारीत नैरोबीच्या किबेरा वस्तीत रूळ उखडले गेले, महामार्ग अडले, आणि किसुमूच काय, पलीकडच्या युगांडातही पेट्रोल मिळेनासं झालं. पासपोर्ट, वर्क परमिट, परदेशी नागरिकाचं कार्ड, मुलांचे दाखले एका पिशवीत, आणि त्यांचे फोटो घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा. भारतीय उच्चायुक्तालयात नोंदणी नसेल तर आजच करा. फोनचा बॅलन्स भरपूर ठेवा. त्या वेळी एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, सुरू होऊन जेमतेम नऊ महिने झाले होते आणि रिचार्जची कार्डं दुप्पट किमतीला विकली जात होती. लोक एकमेकांना बॅलन्सच पैशासारखा पाठवत होते. आता एम-पेसावर सगळं चालतं, पण नेटवर्क गेलं तर ५० आणि १०० शिलिंगच्या सुट्या नोटा हाताशी लागतात.

मात्र या यादीत आपण एक गोष्ट विसरतो. जेवढं सामान आपल्या घरात भरतो, त्यातला वाटा आपल्याकडे काम करणाऱ्यांच्या घरीही आधीच पोचला पाहिजे. घरकामाची मामा (इथं बाईमाणसाला मामा म्हणतात), रात्रीचा असकारी, म्हणजे पहारेकरी, बागकाम करणारा, ड्रायव्हर, यांची चूल रोजच्या आणलेल्या उंग्यावर चालते. उंगा म्हणजे मक्याचं पीठ, २ किलोच्या पुड्यात मिळतं. दुकानं बंद झाली की तिसऱ्या दिवशी त्यांच्या घरात काहीच उरत नाही. म्हणून ऑगस्टचा पगार जुलैच्या शेवटीच द्या, वर उंगा, तेल, साखर द्या. शिवाय पुष्कळांचं मत गावाकडं नोंदलेलं असतं. माटाटूची, म्हणजे इथल्या छोट्या प्रवासी गाड्यांची, भाडी त्या आठवड्यात चढतात. त्यांना जायला पैसे द्या, रजा द्या, आणि निकाल लागून चार दिवस होईपर्यंत कामावर या म्हणू नका.

आता माझी पहिली चूक. ३० तारखेच्या रात्री गोळ्यांचे आवाज सुरू झाले. यजमान कारखान्यावर अडकले होते, मी आणि मुलगी घरात. गेटवर आमचा असकारी होता, पन्नाशीचा, तीन वर्षांचा ओळखीचा. मी गेटपाशी गेले आणि भीतीनं घशाला कोरड पडलेली असताना त्याला विचारलं, "तू कोण? लुओ की आणखी कोणी?" तो बराच वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मामा, तीन वर्षं मी तुमचा असकारी होतो. आजच का विचारता?" तो लुओच होता. किसुमू हा लुओ जमातीचाच भाग, आणि ओडिंगाही लुओच. त्या रात्रीही आणि पुढच्या अकरा रात्रीही तो गेटवरून हलला नाही. मला आजही तो प्रश्न आठवला की अंगावर काटा येतो, कारण नेमका तोच प्रश्न त्या वेळी रस्त्यारस्त्यावर, हातात पांगा, म्हणजे कोयता, घेऊन विचारला जात होता.

म्हणून नियम करा: जात-जमात विचारायची नाही. विचारायचं ते असं: "गडबड झाली तर तुला कुठं राहणं सुरक्षित वाटेल? घरी जायचा रस्ता कुठून जातो? मुलं कुणाजवळ असतील?" हे जुलैमध्येच, शांतपणे, चहा पिताना विचारा. उत्तरातून जे कळायला हवं ते कळतं, आणि माणसाला आपण मोजतो आहोत असं वाटत नाही.

हे कळणं का गरजेचं ते सांगते. आपण मुहिंदी, म्हणजे भारतीय वंशाचे. २०१७ च्या जुलैत सरकारनं इथल्या आशियाई समाजाला देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. पण २००८ च्या त्या भांडणात आपण कुठल्याच बाजूचे नव्हतो. दुकानं लुटली गेली, किसुमूच्या मुख्य रस्त्यावरची कितीतरी जळाली, गुजराती आणि शीख कुटुंबांचं आयुष्यभराचं नुकसान झालं, हे खरं आहे. जुन्या लोकांना १ ऑगस्ट १९८२ च्या फसलेल्या बंडातली नैरोबीची लूटही आठवते. पण रस्त्यावरच्या अडथळ्यापाशी गाडी थांबवली की पोरं किताम्बुलिशो, म्हणजे ओळखपत्र मागत, ते ड्रायव्हरचं. नावावरून, बोलण्याच्या ढंगावरून माणूस कुठला ते कळतं. मागे बसलेल्या मुहिंदीला बहुधा जाऊ देत, पुढच्याला खाली उतरवत. आपल्याला घाई आहे म्हणून ड्रायव्हरला त्या दिवसांत रस्त्यावर काढणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं. निकालाच्या आठवड्यात गाडी घरातच ठेवा. दूध संपलं म्हणून कुणाला दुकानात पाठवू नका. कोरा चहा प्या.

आमच्याकडे घरकामाला येणारी मामा किकुयू जमातीची होती. नाकुरूजवळची, नवऱ्याच्या मागे दोन मुलांना घेऊन किसुमूत आलेली. किबाकी किकुयू, म्हणून किसुमूतल्या प्रत्येक किकुयूवर राग निघाला. ३१ च्या सकाळी ती मुलांसह मागच्या दारानं आली. तिची खोली जळाली होती. चार दिवस ती तिघं आमच्या कोठीघरात, तांदळाच्या पोत्यांमध्ये राहिली. असकाऱ्याला सगळं माहीत होतं. त्यानं कुणाला अक्षरही सांगितलं नाही. त्याच वेळी, १ जानेवारीला, एल्डोरेटजवळच्या कियाम्बा गावात चर्चमध्ये आसऱ्याला गेलेल्या किकुयू बायामुलांवर जमावानं दार लावून आग लावली. रेडिओवर ते ऐकलं तेव्हा मामानं मुलांच्या कानांवर हात ठेवले होते.

माझी दुसरी चूक इथं झाली. चौथ्या दिवशी मला वाटलं, पोलीस ठाण्याच्या आवारात किकुयू आणि किसी जमातींची शेकडो माणसं जमलीत, तिथं ती जास्त सुरक्षित राहील. एका शेजाऱ्याच्या व्हॅनमधून पोचवलं. ती सुरक्षित राहिली, नंतर बंदोबस्तात नाकुरूला गेली, तिथल्या शो ग्राउंडवरच्या छावणीत. पण मी तिला विचारलंच नव्हतं. तिला आमच्याकडेच थांबायचं होतं, आणि मालकीण सांगते म्हणून ती काही बोलली नाही, हे मला सहा महिन्यांनी फोनवर कळलं. छावणीत रात्रीच्या गारठ्यात धाकट्याला न्यूमोनिया झाला. तो वाचला. कुणाला आसरा दिलात तर पुढचा निर्णय त्यांचा असू द्या. तुम्हाला भीती वाटत असेल तर तीही तोंडानं सांगा, म्हणजे दोघं मिळून ठरवता येतं.

आणि आता नैवाशा. जानेवारीच्या मध्याला किसुमू जरा निवलं होतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान मध्यस्थीला २२ जानेवारीला नैरोबीत आले, बोलणी सुरू झाली, आम्ही जास्तीचं सामान आवरायला घेतलं. आणि मग नाकुरूत, २७-२८ ला नैवाशात उलटा वणवा पेटला. तिथं किकुयू टोळ्यांनी लुओ आणि इतर पश्चिमेकडच्या लोकांना घराघरातून ओढून काढलं. एका घरात कोंडून १९ जणांना जाळलं, त्यांत लहान मुलं होती. नैवाशाच्या फुलांच्या मळ्यांत आमच्या असकाऱ्याचा पुतण्या कामाला होता. तो ट्रकमधून किसुमूला पोचला, अंगावरच्या कपड्यानिशी. त्या दिवशी असकारी दुपारी आला, पुतण्याला आमच्या नळावर अंघोळ घालायला परवानगी मागितली, आणि मला विचारलं, "आपली मामा छावणीत खाऊनपिऊन आहे ना?" मतदानाला तेव्हा एक महिना होऊन गेला होता. म्हणून म्हणते, पिशवी सहा आठवडे भरलेलीच ठेवा.

२८ फेब्रुवारी २००८ ला किबाकी आणि ओडिंगांनी करारावर सह्या केल्या आणि ओडिंगा पुढे पंतप्रधान झाले. तोवर, या हिंसाचाराची चौकशी करणाऱ्या वाकी आयोगाच्या मोजणीप्रमाणे, १,१३३ माणसं मेली होती आणि साडेतीन लाखांच्या आसपास लोक बेघर झाले होते.

या मोजणीतला एक आकडा घराच्या तयारीशी थेट जोडलेला आहे. मेलेल्यांपैकी ४०५ जण गोळी लागून गेले होते. जमावाकडे पांगे, धनुष्यबाण, रॉकेल होतं. बंदुका बहुतेक पोलिसांकडे होत्या, आणि किसुमूतले बहुतांश मृत्यू गोळीचे होते. तेव्हा पोलीस आले म्हणजे आता बाहेर डोकावायला हरकत नाही, असं समजू नका. आवाज आला की मुलांना खिडकीपासून, गच्चीपासून, बाल्कनीपासून आत घ्या. मधल्या खोलीत, विटांच्या भिंतीआड, जमिनीवर बसा. अश्रुधुरासाठी ओले टॉवेल दाराच्या फटीत घाला, डोळे साध्या पाण्यानं धुवा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नैरोबीच्या मथारेत बाल्कनीत उभी असलेली एक लहान मुलगी गोळी लागून गेली, आणि किसुमूच्या न्यालेंडात पोलिसांनी घरात घुसून केलेल्या मारहाणीत सहा महिन्यांची मुलगी गेली. मिलिमानीत किंवा पार्कलँड्समध्ये फाटकामागे राहणाऱ्या आपल्यासारख्यांना याची झळ सहसा लागत नाही. आपल्या मामा आणि असकारी मात्र न्यालेंडात, मान्याट्टात, मथारेत राहतात. त्यांच्या मुलांना त्या आठवड्यात आपल्या घरी झोपू द्या. दोन गाद्या जास्त लागतील, एवढंच.

फोनबद्दल. २००८ मध्ये एसएमएस होते, आता व्हॉट्सॲप आहे. विष तेच. काही शब्द ओळखायला शिका. 'मादोआदोआ' म्हणजे ठिपके, डाग. म्हणजे आपल्या भागात राहणारे परके, ज्यांना पुसून काढायचं. 'क्वेक्वे' म्हणजे तण. शेतकऱ्याच्या घरातल्या मला हा शब्द ऐकला की खुरपं दिसतं. माणसाला तण म्हटलं की पुढचं काम सोपं होतं. २००८ च्या कायद्यानं इथं राष्ट्रीय सलोखा आणि एकात्मता आयोग नेमला गेला आणि २०२२ च्या निवडणुकीआधी त्यानं असे शब्द द्वेषाचे म्हणून जाहीर केले. हे शब्द असलेला संदेश, ऑडिओ, गाणं आलं तर पुढं पाठवू नका. "बघा काय चाललंय" म्हणूनसुद्धा नाही.

आपल्या मराठी गटांवरही लक्ष असू द्या. "अमुक जमातीच्या बाईला कामावर ठेवू नका, धोका आहे", असा एक संदेश २०२२ च्या जुलैत माझ्याकडे तीन गटांतून आला. मी तिन्ही ठिकाणी उत्तर लिहिलं, पाठवणाऱ्यांना फोनही केले. कुणाच्या तरी रोजीरोटीवर त्या एका ओळीनं पाय येतो, आणि ज्या मनातून दंगल निघते तेच मन आपल्या स्वयंपाकघरात आणून बसवल्यासारखं होतं.

निकालाचे आकडे खरे की खोटे हे अफवेवरून ठरवू नका. २००७ चा सगळा घोळ मतदारसंघातले आकडे आणि नैरोबीत जाहीर झालेले आकडे यांच्या मधल्या वाटेवर झाला. त्या निवडणुकीची चौकशी करणारा क्रीगलर आयोग नंतर म्हणाला, खरं कोण जिंकलं हे ठरवणंच अशक्य आहे. आता प्रत्येक मतदान केंद्राचा '३४ अ' नावाचा फॉर्म असतो. २०२२ ला ४६ हजारांहून जास्त केंद्रांचे हे फॉर्म आयोगानं सगळ्यांना बघता येतील असे ठेवले होते. माझी मुलगी तेव्हा रात्रभर ते उघडून बघत होती, आमच्या ओळखीच्या शाळांमधल्या केंद्रांचे. कुणी घरी येऊन सांगितलं की अमुक ठिकाणी चोरी झाली, तर म्हणा, चला फॉर्म बघू. एवढ्यानं बरीच वाफ जाते.

रंगांचंही बघा. पक्षांचे रंग दर निवडणुकीला बदलतात. २००७ ला नारिंगी ओडिंगांचा होता, २०२२ ला पिवळा विल्यम रुटोंचा, जे ती निवडणूक जिंकले. त्या दिवसांत साडी, टी-शर्ट, गाडीवरचं फडकं, काहीच त्या रंगाचं नको. आपल्यातले जे केनियाचे नागरिक आहेत त्यांनी मत जरूर द्यावं, तो त्यांचा हक्क आहे. परमिटवर राहणाऱ्यांनी दुकानात, सलूनमध्ये, ऑफिसच्या चहाला कोण जिंकावं यावर बोलू नये.

गावाकडून येणाऱ्या फोनची तयारीही करायची असते. २००८ मध्ये सासरे रोज विचारत, "तिकडे जंगली टोळ्यांची मारामारी चाललीय म्हणे?" मी तेव्हा हो म्हणायचे, कारण समजावून सांगायला शब्द नव्हते. आता आहेत, आणि तुम्हीही चार वाक्यांत सांगू शकता. रिफ्ट व्हॅलीची, म्हणजे नाकुरू-एल्डोरेटकडच्या पट्ट्याची, सुपीक जमीन इंग्रजांनी मासाई आणि कालेंजिन लोकांकडून काढून गोऱ्या मळेवाल्यांना दिली. १९६३ ला स्वातंत्र्य मिळाल्यावर ती मूळ लोकांकडे पुरती परतली नाही. कर्जानं, जमीन खरेदीच्या कंपन्यांमार्फत ती विकली गेली, आणि पहिले अध्यक्ष जोमो केन्याटा किकुयू असल्यानं किकुयू कुटुंबांना त्यात मोठा वाटा मिळाला. विकत घेणाऱ्या गरीब शेतकऱ्यानं घामाचे पैसे दिले होते, आणि शेजारच्या कालेंजिनाला ती आपल्या आजोबांची जमीन वाटत होती. दोघांचंही दुखणं खरं. त्या दुखण्यावर राजकारण्यांनी १९९२ ला बोट ठेवलं, १९९७ ला ठेवलं, २००७ ला ठेवलं.

बांधावरून भावाभावांत कोयते निघालेले आपल्या तालुक्यांनी पाहिले आहेत. सासऱ्यांना मी असं सांगितलं तेव्हा ते गप्प झाले आणि मग म्हणाले, "म्हणजे सातबारा कुणाच्या नावावर, हेच की." हेच. आणि ही काही जन्मजात दुष्मनीही नाही. २००२ ला राइला ओडिंगांनीच "किबाकी तोशा", किबाकीच हवेत, म्हणत त्यांना निवडून आणलं होतं, लुओ आणि किकुयू एकत्र नाचले होते. २००७-०८ मध्ये ज्या दोन समाजांत सगळ्यात जास्त रक्त सांडलं त्यांचे पुढारी, किकुयू उहुरू केन्याटा आणि कालेंजिन विल्यम रुटो, २०१३ ला एकाच तिकिटावर उभे राहिले. दोघांवरही हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात या हिंसाचाराबद्दल खटले होते. केन्याटांवरचे आरोप २०१४ ला मागे घेतले गेले, रुटोंचा खटला २०१६ ला बंद झाला. वर हात मिळाले. कियाम्बाच्या आणि नैवाशाच्या घरच्यांना मात्र हेगमधून कुणाला शिक्षा झाल्याचं ऐकायला मिळालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं, आणि पुढाऱ्यांच्या हस्तांदोलनाचे फोटो आले की मी टीव्ही बंद करते.

ओडिंगा ऑक्टोबर २०२५ मध्ये गेले, तेही आपल्या केरळात, उपचारांसाठी आले असताना. त्यांच्या पश्चातली ही पहिली सार्वत्रिक निवडणूक. तरी तयारी मी तेवढीच करणार आहे.

मोठी कामं झाली की शेवटी एक वही करा. दोनशे पानी, साधी. फोन हरवतो, चार्ज उतरतो. वहीत प्रत्येक माणसाला एक ओळ: नाव, दोन फोन नंबर, गावाचं नाव, गडबडीत कुणाकडे जाणार, मुलं किती, औषध कोणतं. तुमच्या घरातली माणसं, कामावरची माणसं, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांची घरं, जवळचं गुरुद्वारा किंवा मंदिर, डॉक्टर. मतदानापासून निर्णयापर्यंत रोज संध्याकाळी प्रत्येक ओळीला एक फोन किंवा एक मेसेज. उत्तर आलं की तारखेखाली टिंब. ज्याच्यापुढे टिंब नाही त्याला रात्री पुन्हा.

माझ्या वहीत २०१३, २०१७ आणि २०२२ ची पानं आहेत. तिन्हींवर पहिल्या दोन ओळी त्याच: किसुमूचा असकारी, जो आता काम सोडून गावी शेती बघतो, आणि नाकुरूची मामा, जिचा न्यूमोनियातून उठलेला धाकटा आता बोडाबोडा, म्हणजे भाड्याची मोटारसायकल, चालवतो. २०२२ ला निकालाच्या दिवशी नैरोबीत जिथं निकाल जाहीर होत होता त्या बोमासच्या सभागृहात धक्काबुक्की टीव्हीवर दिसली आणि मी फोन उचलायच्या आधी मामाचाच आला, "मामा, तुमच्याकडे उंगा आहे ना?"

२०२७ चं पान आखून झालं आहे. धाकट्यानं नंबर बदललाय असं ती मागे म्हणाली होती, तेवढा तिला विचारून लिहायचा आहे.